दवाखान्याचा जागल्या

कोणाच्याही घरी गेलं की माणूस आधी टेकतो, पाणी पितो, मग बोलतो. आमच्या दवाखान्यातले भाऊ आधी घराला एक चक्कर मारत. पुढचं दार, मागचं दार, परसातलं बोरीच्या काट्यांचं कुंपण, चुलीजवळची खिडकी, सगळं पाहून झालं की मगच खाटेवर बसत. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही तसंच केलं आणि गंभीर तोंडानं मला म्हणाले, "बाई, तुमच्या घरी अडवणारं भरपूर आहे. पण ओरडणारं काहीच नाई."

आमचे हे अंगणात दोरी वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आहे ना जी. तुमच्या बाजूलेच उभं आहे."

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. भाऊ मात्र ते दोन दिवस दवाखान्यात मला पाहिलं की तोंड फिरवून हसत. तेव्हा मला माहीत नव्हतं की 'ओरडणारं' हा त्यांच्या धंद्यातला शब्द आहे आणि त्यात अपमानाचं काही नाही. उलट त्यांच्या लेखी ओरडणाऱ्याला फार मान.

आमचा दवाखाना रानाच्या कडेला. सरकारी नाही, चार भल्या माणसांनी मिळून चालवलेला. मी नोंदणीच्या खिडकीवर बसत असे. सातवी झालेली बाई मी. बाकीचं जे काही आलं ते रोग्यांची नावं लिहिता लिहिता आलं. इतकी वर्षं चोपड्या सांभाळल्या, आणि मग एक दिवस चोपड्या कपाटात गेल्या, टेबलावर पाच संगणक आले, आणि संगणकांच्या मागोमाग हे भाऊ आले. ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या शेतकऱ्याचा पोरगा. शिकून हैदराबादेत मोठ्या कंपनीत लागलेले. कंपनीच्या संगणकांत चोर कुठून शिरेल ते आधीच शोधायचं आणि तिथे दार लावायचं, असं त्यांचं काम. ते सोडून इकडे आले. काऊन आले, असं विचारलं तर म्हणत, "तिथी सगळं राखलं बाई, पण कोणाचं राखलं ते कधी डोळ्यानं दिसलं नाई."

आमच्याकडे धान पिकलं की रानडुकरं येतात, म्हणून शेतावर माळा बांधून राखणीला बसणारा एक माणूस असतो, जागल्या. भाऊंना आम्ही मागून जागल्या म्हणायचो. त्यांना कळलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी आपल्या मोबाइलवर स्वतःचं नावच 'जागल्या' असं टाकलं.

शिकवण्याच्या पहिल्या दिवशी आम्हा पाच बायांना वाटलं, आता हा माणूस संगणकासमोर बसवून डोकं खाणार. त्यांनी आम्हाला चपला घालायला सांगितल्या आणि दवाखान्याच्या मागच्या बांधीवर, धानाच्या शेतात नेलं. कार्तिकाचे दिवस, धान पिवळं झालेलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं करून विचारलं, "डुकरं येऊ नये म्हणून या शेतवाल्यानं काय काय केलं, सांगा."

आम्ही म्हटलं, काटे लावले. "हे अडवणारं." बुजगावणं उभं केलं. "हे भिववणारं. हे काही डुकराले धरत नाई, नुसता त्याचा विचार बदलवते." तारेला रिकामे डबे बांधले, डुकराचा धक्का लागला की वाजतात. "हे ओरडणारं. अडवत नाई, पण आलं म्हणून सांगते. आणि समजा एवढं करून डुकरानं धान खाल्लंच तर?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. औषधाच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "तर बोंबलायचं."

"बियाणं कुठी आहे?" भाऊंनी विचारलं.

"ते घरी ढोलीत असते ना."

"ते सावरणारं. पुढच्या वर्षी पेरता येते." मग ते आम्हाला बांधीच्या कोपऱ्यावर घेऊन गेले. तिथे खडक होता, खांब रोवता येत नव्हता, म्हणून शेतवाल्यानं तेवढ्याच जागी कुत्रं बांधलं होतं. त्या कुत्र्याकडे भाऊंनी असं पाहिलं जसं कोणी देवळातल्या मूर्तीकडे पाहतं. "आणि हे," म्हणाले, "हे भागवणारं. जिथी जे पाहिजे ते करता येत नाई, तिथी दुसऱ्यानं भागवून न्यायचं. झालं. एवढंच मले येते. हैदराबादेत याचाच मले पगार भेटत होता."

त्यानंतर ते जगातली प्रत्येक गोष्ट या पाच टोपल्यांत टाकत. लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार दिसली की कानात सांगत, "भिववणारं." गरोदर बाईच्या लोखंडाच्या गोळ्या अडवणारं, तिचं दर महिन्याचं वजन ओरडणारं. डॉक्टरबाईंच्या चष्म्याला एकदा त्यांनी भागवणारं म्हटलं, ते डॉक्टरबाईंना आवडलं नाही. वर आणखी एक फोड होती त्यांची. राखण करणारं काहीही असो, ते एकतर हाताला लागतं, नाहीतर मशीनच्या पोटात असतं, नाहीतर माणसाच्या सवयीत असतं. दाराचं कुलूप हाताला लागतं. संगणक आपोआप बंद होतो ते मशीनच्या पोटातलं. आणि जागेवरून उठताना संगणकाचा पडदा बंद करायचा, ही सवय. "सवय सगळ्यात स्वस्त," ते म्हणत, "आणि सगळ्यात आधी तीच मोडते."

स्वतःच्या डब्यापुढे मात्र त्यांचं काही चालेना. दवाखान्याच्या सागावर माकडं असायची, आणि रोज बाराच्या सुमाराला भाऊंचा डबा जायचा. दुसऱ्या कोणाचा नाही, त्यांचाच, कारण त्यांची बायको वांग्याची भाजी फार चांगली करायची. त्यांनी डब्याला तार गुंडाळली. माकडानं तार सोडली. खिडकीत वाघाचं चित्र लावलं. माकडांनी आठ दिवस लांबून पाहिलं, नवव्या दिवशी एक म्हातारं माकड वाघाच्या तोंडासमोर बसून पोळी खात होतं. घंटी बांधली, तर घंटीसकट डबा सागावर गेला आणि दुपारभर वर वाजत राहिला. खाली रोगी विचारत होते, देऊळ नवीन झालं का.

शेवटी भाऊंनी एका कागदावर काहीतरी आखलं. आम्हाला दाखवून म्हणाले, "हे पाहा. वाघ दवाखान्यात येईल, हे होणं कठीण, पण झालं तर नुकसान मोठं. माकड डबा नेईल, हे रोजचं, पण नुकसान लहान. सगळ्याच धोक्यांशी भांडायचं नसते बाई. काही मान्य करायचे असतात." दुसऱ्या दिवसापासून ते दोन डबे आणू लागले. एक स्वतःचा, एक माकडाचा. माकडाच्या डब्यात भाजी कमी तेलाची असे, कारण त्याच्या तब्येतीची काळजी.

आणखी एक खोड. महिन्यातून एकदा, ऐन गर्दीच्या वेळी, कोणाला न सांगता ते मधल्या खोलीत येऊन म्हणत, "समजा जळालं." म्हणजे समजा, संगणक जळाले. आम्ही लगेच हात वर घ्यायचे, चोपड्या काढायच्या आणि तासभर कागदावर दवाखाना चालवायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा डॉक्टरबाई भडकल्या. "अहो, लोकं ताटकळून राह्यले, आणि तुम्ही समजा समजा काय लावलं?" भाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, सावरणारं आहे का नाई ते सावरून पाहिल्याशिवाय कसं समजन?" दर शुक्रवारी सगळ्या नोंदींची नक्कल ते एका डिस्कवर घेत, ती तांदळाच्या डब्यात खुपसत, ओल लागू नये म्हणून, आणि ब्रह्मपुरीच्या जीपनं बहिणीकडे ठेवून येत. जीपवाल्याला वाटे, काय माणूस आहे, बहिणीला किलोभर तांदूळ द्यायला दर आठवड्याला जातो. पुढे एका उन्हाळ्यात वीज पडून आमचे दोन संगणक खरंच गेले, तेव्हा त्याच तांदळातून दवाखाना दुपारपर्यंत पुन्हा उभा राहिला. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी भाऊंना स्वतःच्या हातचा चहा दिला, आणि तो भाऊंनी कोणत्या टोपलीत टाकायचा हे न सांगता पिऊन टाकला.

आता आमची फजिती सांगते. प्रत्येकीच्या संगणकाला एक पासवर्ड ठेवायचा होता. भाऊंनी सांगितलं, "असा शब्द ठेवा जो तुमच्या तोंडून कोणालेच कधी ऐकू येणार नाई." आम्ही मनावर घेतलं. एकमेकींना न विचारता आपापल्या घरी विचार केला आणि शब्द ठेवला. आठ दिवसांनी भाऊ म्हणाले, चला, राखण कशी झाली पाहू. रेशनकार्डांच्या आमच्याच झेरॉक्स समोर ठेवून बसले. चहाचा कप संपायच्या आत पाचपैकी चार संगणक उघडले.

चौघींनीही नवऱ्याचं नाव ठेवलं होतं. सांगा, चूक आमची आहे का? जन्मात जे नाव तोंडातून काढलं नाही, ते याहून गुप्त दुसरं काय असणार? पाचवी, रक्त तपासणारी, अविवाहित होती, तिचा संगणक उघडला नाही. तिनं काय ठेवलं होतं ते तिनं आजवर सांगितलेलं नाही.

आम्हाला वाटलं आता बोलणी बसतील. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "चूक माझी. तुम्ही नाव घेत नाई, पण सारं गाव घेते, ते मी विसरलो. शब्द नको. उखाणा ठेवा. नवा, स्वतः केलेला, कोणासमोर न घेतलेला. आणि त्यात नाव नको."

मग काय, आठवडाभर दवाखान्यात जी ती बाई ओठ हलवत फिरत होती. इंग्रजी अक्षरांत एवढा मोठा उखाणा मारायचा म्हणजे सकाळी वेळ लागे. खिडकीबाहेरची रांग म्हणायची, "होऊ द्या बाई, तुमचा उखाणा होऊ द्या. ताप काही पळून नाई जाऊन राह्यला." माझा उखाणा फार चांगला जमला होता. ह्यांनाही ऐकवता येत नाही, हीच हळहळ आहे.

इथवर हसण्याचं झालं. आता जे सांगते त्यात मी दोषी आहे.

आमच्या भागात सिकलसेल आहे. रक्ताचा आजार, आईबापाकडून लेकरात येणारा. एकाच बाजूनं आला तर माणूस धडधाकट असतो, त्याला कळतही नाही. पण नवरा आणि बायको दोघंही तसे असले तर लेकराला खरा त्रास होऊ शकतो. म्हणून डॉक्टरबाई गावोगाव सांगत, लग्नाआधी दोघांनी तपासा. पण तपासायला यायच्या सगळ्यात जास्त मुली, आणि सगळ्यात जास्त भीतीही त्यांनाच. मागे एका गावात एकीचं नाव बाहेर फुटलं होतं, आमच्याकडून नाही, दुसरीकडून. त्या मुलीचं लग्न मोडलं आणि त्या गावातून मग कितीतरी दिवस कोणी बोटाला सुईच टोचू देईना. तेव्हापासून त्या नोंदी म्हणजे आमच्याजवळची सगळ्यात नाजूक वस्तू. भाऊ रोज सकाळी एक यादी काढून चहासोबत वाचत. काल संगणकावर कोणी कोणत्या रोग्याचं पान कधी उघडलं, याची यादी. ओरडणारं.

माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण, एक दिवस दुपारी खिडकीवर आली. शिंगाडे घेऊन आली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर खिडकीत तोंड घालून म्हणाली, "वैनी, पोराचं जमून राह्यलं." मुलीचं नाव, गाव सांगितलं. "ते पोरगी तुमच्याकडे तपासून गेली म्हणते. पाहा ना जरा, काय आलं तिचं."

"ताई, ते सांगत नाई कोणाले."

"मी काय कोणी आहो? आपल्याच घरचं आहे. पाहायले काय जाते?"

आमच्याकडे घरचं माणूस शिंगाडे घेऊन येतं आणि मागतं, त्याला नाही म्हणणं फार जड. ते 'नाही' मग वर्षानुवर्षं चुलीजवळ बसून राहतं. मी म्हटलं, "मंगळवारी बाजारले येसान तेव्हा पाहू." ताई गेली. आणि खिडकीवर गर्दी नव्हती, आणि माझा उखाणा माझ्या बोटांना पाठ होता. मी ते पान उघडलं. पाहिलं. बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ रोग्यांच्या बाकड्यावर चहा घेऊन बसले होते. मला शेजारी बसायला सांगितलं. यादीवर त्यांचं बोट होतं.

"बाई, हे पान काल तुम्ही उघडलं. ते पोरगी काल दवाखान्यात आलीच नव्हती."

मी सगळं सांगून टाकलं, शिंगाड्यांसकट.

"पाहिलं का सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं. सांगतलं नाई अजून."

त्यांनी श्वास सोडला. "मग सावरता येते." यादीची घडी घालून म्हणाले, "मी डॉक्टरबाईले सांगणार आहो. तुमच्या मागून नाई, तुमच्यासमोर. आणि माझंही सांगणार आहो. तुमच्या खिडकीवरून सगळ्यांची पानं दिसतात, ते मीच उघडं ठेवलं. तुम्ही गेल्या, पण कुंपणाले भगदाड माझं होतं."

डॉक्टरबाईंसमोर मी उभी राहिले तेव्हा वाटत होतं, खिडकी गेली. खिडकी गेली तर जावो, पण उद्या गावात कळलं की दवाखान्यातली बाई नावं पाहते, तर कोण येणार इथे? डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. विचारलं, "नणंद केव्हा येणार आहे?"

"मंगळवारी."

"मग मंगळवारी खिडकीवर तुम्हीच बसायचं. पुढचं त्यानंतर पाहू."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "अजून एक राह्यलं. ज्याचं होतं त्याले सांगायचं. तिचं पान पाहिलं, हे तिले माहीत पाहिजे."

"मी? तिले?"

"नाईतर कोण? मशीन जाऊन सांगन का?"

त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसून गेले. एरवी ते रस्ताभर बोलत, हे फाटक कोणत्या टोपलीतलं, तो पूल कोणत्या. त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. मीच म्हटलं, "भाऊ, काहीतरी बोला जी." तर म्हणाले, "तुम्ही काय सांगान त्याची तालीम करा. मी आवाज केला त तुमचं विसरन."

मुलगी खळ्यावर धान उफणत होती. भाऊ लांब, बाभळीखाली थांबले. "तुमचं तिचं बोलणं माझ्या कानाचं नाई," म्हणाले, आणि खरंच पाठ करून उभे राहिले.

मी सांगितलं. खाली पाहून, पण सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं रडेल, नाहीतर मला हाकलेल. ती कितीतरी वेळ पायाजवळचे दाणे गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मावशी, माझं मी त्याले सांगणारच होती. पण मी सांगन. तुम्ही नाई, त्याची माय नाई."

"नाई सांगत, पोरी."

"त्याचं पान पाह्यलं का?"

"कोणाचं?"

"त्याचं. तुमच्या ताईच्या पोराचं."

"नाई."

"काऊन?"

"कोणी विचारलंच नाई."

तेव्हा ती हसली. अशी हसली की बाभळीखालच्या भाऊंनी न राहवून मान वळवली आणि लगेच परत फिरवली. "हो ना," ती म्हणाली, "पोराचं कोणी विचारतच नाई."

येताना मी हे भाऊंना सांगितलं नाही, कारण ते त्यांच्या कानाचं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. पण मंगळवारच्या आधी त्यांनी दोन गोष्टी केल्या. सिकलची पानं खिडकीवरून बंद केली. कधी गरज पडलीच तर माझा उखाणा आणि रक्त तपासणारीचा उखाणा, दोन्ही मारल्याशिवाय उघडणार नाहीत असं केलं. आणि दुसरं म्हणजे मला समोर बसवून शिकवलं, "ताईले काय म्हणसान?"

"म्हणन, तिचं काही सांगत नाई."

"एकट्या 'तिचं' म्हटलं, ते चुकलं. आज या पोरीचं 'सांगत नाई' म्हटलं, आणि उद्या दुसरीचं सहज म्हटलं का 'काही नाई तिले', त 'सांगत नाई' याचा अर्थ गाव काढते. असो का नसो, उत्तर एकच. सगळ्यांले एकच."

मंगळवारी ताई आली. पिशवीत भाजी, तोंडात पान. "काय वैनी, पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"मग?"

"सांगत नाई."

तिचे डोळे बारीक झाले. "म्हणजे आहे तिले."

"म्हणजे काहीच नाई ताई. असतं तरी हेच म्हटलं असतं, नसतं तरी हेच. पाह्यलं हेच चुकलं माझं. त्या पोरीले जाऊन सांगून आली मी."

"पोरीले जाऊन सांगतलं? आणि मले नाई?"

"उद्या तिच्या मायनं येऊन तुमच्या पोराचं विचारलं, तरी तिलेही हेच सांगन."

"माझ्या पोराचं काय विचारायचं व?"

"जे तुम्ही तिचं विचारून राह्यल्या, तेच."

ताईनं पिशवी उचलली. मागच्या रांगेतल्या बाया ऐकत होत्या. ती चालू लागली. माझ्या घरावरून जाताना पाणी प्यायलाही थांबली नाही. आमचे हे संध्याकाळी म्हणाले, "ताई उभ्या उभ्या गेली. काय केलं तू?" मी म्हटलं, "अडवलं." ह्यांना काही कळलं नाही.

ते दिवस वाईट गेले. नणंद रुसली तर सासर रुसतं. भाऊ रोज सकाळी यादी वाचत, आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलवत, म्हणजे सगळं शांत. एक दिवस त्यांनी माकडाच्या डब्यातली भाजी मलाच आणून दिली. म्हणाले, आज त्याच्यापेक्षा तुम्हाले गरज आहे. कमी तेलाची होती, पण चांगली होती.

मग एका सकाळी जीपमधून दोघं उतरली. ती मुलगी आणि ताईचा पोरगा. ताई नव्हती. खिडकीवर आली, मुलीनं माझ्याकडे पाहून न ओळखल्यासारखं आपलं नाव सांगितलं, मीही न ओळखल्यासारखं लिहून घेतलं. त्यांनी दोघांना सोबतच आत जायचं आहे म्हटलं. मी हाक मारली, रक्त तपासणारी बाई आली, आम्ही दोघींनी आपापले उखाणे मारले, एकमेकींकडे पाठ करून. मुलीचं पान डॉक्टरबाईंकडे गेलं. खोलीचं दार लागलं. भाऊ त्या वेळी व्हरांड्यात होते. त्यांनी व्हरांड्यातला पंखा, जो कधीच कोणी लावत नव्हतं, तो मोठ्यानं लावला. आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून.

दार बऱ्याच वेळानं उघडलं. दोघं जीपकडे गेली. मी चेहरे पाहिले नाहीत. मुद्दामच टेबलाखाली पडलेली पेन्सिल शोधत बसले.

त्या संध्याकाळी डॉक्टरबाई खिडकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "उद्या वेळेवर या." तेवढंच. खिडकी राहिली. ताई पुढच्या पोळ्याला आली, पाणी प्यायली, आणि शिंगाडे नव्हते तेव्हा बांबूचे कोंब घेऊन आली. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

आता मी खिडकीवर नाही, घरी असते. भाऊ सिरोंच्याकडच्या एका लहान दवाखान्यात गेले. हे सगळं लिहून झाल्यावर मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ऐकता ऐकता त्यांनी काय काय काढायला लावलं. मुलीचं गाव काढा. लुगड्याचा रंग काढा. गावाशेजारची ती टेकडी काढा, त्या टेकडीवरून कोणीही शोधन. मी म्हटलं, "मग खळंही काढू का जी?" तर म्हणाले, "राहू द्या. खळं सगळ्यांकडे असते." मग माझं गाव, त्यांचं नाव, डॉक्टरबाईंचं नाव. मी म्हटलं, तुमचं काय गुपित आहे? म्हणाले, काही नाई, पण एकाचं झाकलं आणि दुसऱ्याचं ठेवलं तर झाकलेलं उठून दिसते.

"आणि तिचं पुढे काय झालं, ते लिहू का?"

"मले काऊन विचारता?" ते म्हणाले. "तिचं आहे. तिले विचारा."

मग मी तिला फोन लावला. मागे लेकराचा आवाज येत होता, कोणाचं ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, पोरी, तुझी गोष्ट लिहिली आहे, नाव नाही, गाव नाही, पानावर काय होतं ते नाही. अजून काय लिहू, काय नको, तू सांग.

"माझं काही लिहू नका मावशी," म्हणाली. "लिहायचंच असन तर एवढं लिहा, का त्या दिवशी आत गेल्यावर डॉक्टरबाईनं काही विचारायच्या आधीच माझ्या नवऱ्यानं आपला हात पुढे केला, का माझंही रक्त पाहा म्हणून."